घरच्या सुरीला दगडावर धार कशी लावावी

सुरीची धार गेल्याचे आमच्याकडे सर्वांत आधी कांद्याच्या पातीवरून कळते. हिवाळ्यात भरताच्या हिरव्या वांग्यांचा हंगाम सुरू झाला की जळगाव, भुसावळ, यावल या भागांत पातीच्या जुड्याच्या जुड्या चिरल्या जातात. सुरी बोथट असेल तर पातीचे तुकडे सुटे होत नाहीत. तळाच्या पातळ सालीने ते एकमेकांना लोंबत राहतात आणि त्यांची माळ तयार होते. मग चिरणारी व्यक्ती मनगटाचा जोर वाढवते, जोर वाढला की सुरी घसरते आणि बोट कापले जाते. धारदार सुरी धोक्याची आणि बोथट सुरी सुरक्षित, असा समज अनेक घरांत आहे; प्रत्यक्षात घसरते ती बोथटच. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येण्याचे प्रमाणही बोथट सुरीने वाढते, कारण ती कांद्याच्या पेशी कापण्याऐवजी चेचते आणि डोळ्यांना झोंबणारा वायू त्यातून जास्त सुटतो.

धार लावण्यासाठी देवघरातली गंधाची सहाण वापरू नये. ती उगाळण्यासाठी असते, आणि तिच्यावर एकदा पोलाद घासले की ती गंधाच्याही कामाची राहत नाही. हार्डवेअरच्या दुकानात ‘धारेचा दगड’ मागितला की बहुधा कार्बोरंडमचा, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा, दोन बाजूंचा दगड मिळतो: एक बाजू खरबरीत, दुसरी त्याहून मऊ. शक्यतो 8 इंच लांब आणि 2 इंच रुंद दगड घ्यावा. लहान दगडावर हात मोकळा फिरत नाही. दगडाचा बारीकपणा ग्रिटच्या आकड्याने सांगतात आणि आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. 200 ते 400 ग्रिटचा दगड अगदी बोथट किंवा खाचा पडलेल्या पात्यासाठी, 1000 ग्रिटचा नेहमीच्या धारेसाठी आणि 3000 ते 6000 ग्रिटचा शेवटच्या सफाईसाठी असतो. एकच दगड घ्यायचा असेल तर 1000 ग्रिटचा घ्यावा. स्वयंपाकघरातले बहुतेक सगळे काम तेवढ्यावर भागते, आणि महागडा बारीक दगड आधी आणून ठेवण्यात काहीच हशील नाही.

दगडाला पाणी लागते. ते पाते घसरते राहण्यासाठी तर हवेच. पण घासताना सुटणारा पोलादाचा आणि दगडाचा चुरा त्याच पाण्याबरोबर वर येतो आणि दगडाची छिद्रे बुजत नाहीत. पाणी शोषणारा दगड बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण दहा ते पंधरा मिनिटे, पाण्यात बुडवून ठेवावा. न शोषणाऱ्या दगडावर नुसते पाणी शिंपडले तरी चालते. ज्या दगडावर एकदा तेल वापरले त्यावर पुढेही तेलच वापरावे, कारण तेल मुरलेला दगड पाणी नीट धरत नाही. खानदेशातल्या मे महिन्यात, पारा 44-45 अंशांवर असताना, भिजवलेला दगड बघता बघता कोरडा पडतो, म्हणून पाण्याची वाटी हाताशी ठेवून मधूनमधून चार थेंब सोडत राहावे. काम झाल्यावर दगड सावलीत वाळवावा. ओला दगड त्या उन्हात ठेवला तर तडकण्याची भीती असते.

कच्ची केळी चिरलेल्या सुरीवर चीक बसलेला असतो आणि रावेर-यावल पट्ट्यात हा अनुभव घरोघरी आहे. तो चीक दगडाची छिद्रे बुजवतो. म्हणून पात्याला आधी खाण्याचे तेल चोळून चीक सोडवावा, नंतर साबणाने तेल पूर्ण धुऊन काढावे आणि मगच सुरी दगडावर घ्यावी.

दगडाखाली ओले, घट्ट पिळलेले फडके घालावे. दगड हलता कामा नये. दगडाची अरुंद बाजू आपल्याकडे येईल असा तो मांडावा, आणि सुरी त्यावर तिरकी, दगडाच्या लांबीशी साधारण 45 अंशांत ठेवावी. यापुढे सारा खेळ कोनाचा आहे. आपल्याकडच्या साध्या स्टेनलेस सुरीला प्रत्येक बाजूने सुमारे 20 अंशांचा कोन चांगला; कडक पोलादाच्या पातळ जपानी सुरीला 15 अंश. हा कोन नजरेने ठरवता येत नाही असे वाटले तर पात्याच्या रुंदीवरून तो काढावा. पाते 4 सेंटिमीटर रुंद असेल तर 20 अंशांसाठी पात्याची पाठ दगडापासून सुमारे 14 मिलिमीटर उचलावी लागते. 2 सेंटिमीटरच्या लहान सुरीला 7 मिलिमीटर पुरतात. मोठ्या सुरीच्या पाठीखाली करंगळीचे टोक जेमतेम शिरेल, इतकी ती उंची असते. 18-19 अंश झाले म्हणून बिघडत नाही. बिघडते ते प्रत्येक फेरीला कोन बदलल्याने, कारण मग धारेची कड निमुळती होण्याऐवजी गोल होते. पहिल्या काही वेळा पात्याच्या कडेला काळ्या मार्कर पेनाने रेघ ओढून चार-पाच वेळा घासून पाहावे. शाई वरपासून अगदी काठापर्यंत निघाली तर कोन बरोबर आहे, काठाच्या वरची निघून काठावरची राहिली तर पाठ थोडी उचलावी, आणि फक्त काठ चकाकला व वरची शाई तशीच राहिली तर पाठ थोडी खाली घ्यावी.

सुरीची मूठ उजव्या हातात, धार आपल्याकडे, आणि डाव्या हाताची दोन-तीन बोटे पात्यावर, धारेच्या जवळ पण तिच्या आत, अशी पकड ठेवावी. पाते पुढे ढकलताना बोटांनी बेताचा दाब द्यावा आणि मागे आणताना दाब सोडावा. बोटे जिथे असतात तिथेच पाते घासले जाते, म्हणून मुठीजवळचा भाग, मधला भाग आणि टोक असे तीन टप्पे करून बोटे सरकवत जावे. टोकाकडे पाते वळते, तिथे मूठ किंचित उचलावी. ती उचलली नाही तर टोक दगडाला लागतच नाही, आणि बहुतेक घरच्या सुऱ्यांचे टोक याच कारणाने बोथट राहते. दगडावर जमणारा करडा-काळा राप मध्येच धुऊन टाकू नये. धार लावण्यात त्याचाही वाटा असतो.

एका बाजूने किती वेळा घासावे, याचे उत्तर आकड्यात देता येत नाही, आणि नवशिक्याचे काम नेमके इथे फसते. ‘या बाजूने दहा, त्या बाजूने दहा’ असे मोजून घासणारे धार न येताच थांबतात. थांबण्याची खूण पात्यावरच उमटते. एक बाजू धारेच्या काठापर्यंत घासली गेली की काठावरचे पोलाद अतिशय पातळ होऊन दुसऱ्या बाजूला वळते आणि तिथे एक बारीक कोर तयार होते. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. ही कोर तपासण्यासाठी अंगठा पात्याच्या वरच्या, न घासलेल्या बाजूवर ठेवून पाठीकडून धारेकडे आणि धारेबाहेर अलगद न्यावा. धारेच्या लांबीवरून अंगठा कधीही फिरवू नये. कोर असेल तर काठाशी बोटाला किंचित अडखळल्यासारखे होते, नख तिथे अटकते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्ये दोन सेंटिमीटर जरी ती लागली नाही, तरी तेवढ्या भागात दगड अजून काठापर्यंत पोचलेला नाही असे समजावे आणि तिथेच आणखी घासावे. सलग कोर आल्याशिवाय पाते उलटू नये, हा एकच नियम मी पाळायला सांगेन. मला स्वतःला तो कळायला फार उशीर लागला आणि तोवर लावलेली प्रत्येक धार दोन दिवसांत गेली.

दुसऱ्या बाजूला धार आपल्यापासून लांब ठेवून, पाते आपल्याकडे ओढताना दाब द्यावा आणि कोर पुन्हा पहिल्या बाजूला वळेपर्यंत घासावे. त्यानंतर मऊ बाजूवर किंवा बारीक दगडावर हेच काम निम्म्या दाबाने करावे. अखेरीस कोर काढायची असते. ती राहिली तर सुरी त्या दिवशी फार धारदार वाटते, पण पहिल्या चार कांद्यांतच कोर मोडते आणि धार खडबडीत होते. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, पात्याच्या वजनाइतकाच दाब ठेवून आठ-दहा फेऱ्या माराव्यात, आणि मग कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवरून किंवा घट्ट घडी केलेल्या वर्तमानपत्रावरून पाते धार मागे ठेवून ओढावे.

धार आली की नाही हे आधी उजेडात पाहावे. पाते उलटे, धार वर करून दिव्याखाली धरले असता धारदार काठ दिसतच नाही. जिथे पांढरा ठिपका किंवा रेघ चमकते तिथे तो अजून चपटा आहे. नंतर पिकलेला टोमॅटो घ्यावा. साल न दबता पाते नुसत्या ओढण्याने आत गेले पाहिजे. पातीची माळ जर दरवेळी पात्याच्या एकाच जागी होत असेल, तर दोष वेगळा आहे: तेवढा भाग जास्त घासून आत गेला आहे आणि तो पाटाला टेकतच नाही. अशा वेळी त्या भागाच्या दोन्ही बाजूंना थोडे अधिक घासून काठ पुन्हा सलग करावा लागतो.

विळीचे पाते पाटाला पक्के असते, म्हणून तिथे सुरीच्या उलट रीत धरावी: पाते स्थिर ठेवून लहान, हातात मावणारा ओला दगड त्यावरून खालून वर फिरवावा. कोन आणि कोर यांचे नियम तेच. दातेरी सुरी मात्र सपाट दगडावर घेऊ नये, तिचे दाते जातात.

फिरत्या चाकावर धार लावून घेणे सोपे वाटते, आणि काळजीने काम करणारे कारागीर आहेतही. पण कोरड्या चाकावर पाते जास्त वेळ दाबले गेले तर ते तापते. माझ्या आईची एक चांगली सुरी अशीच एकाकडून परत आली तेव्हा टोकाशी बोटभर जागा निळसर झाली होती. पोलाद सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की असा रंग चढतो; आपल्याकडे याला पात्याचे पाणी उतरणे म्हणतात. त्या टोकाला नंतर कितीही धार लावली तरी आठवडाभर टिकत नसे. ओल्या दगडावर हाताने घासताना पाते कधीच इतके तापत नाही.

दगडही झिजतो, आणि मधोमध खोलगट झालेल्या दगडावर कोन टिकत नाही. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात, सपाट फरशीवर ओला 220 नंबरचा वॉटर पेपर पसरून दगड त्यावर घासावा आणि सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की थांबावे. शेवटी सुरी साबणाने धुवावी, कारण पात्यावर पोलादाचा चुरा असतो; लोखंडी सुरी लगेच कोरडी करून तिला तेलाचे बोट फिरवावे. स्टीलच्या ताटात, काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरले तर ही सारी मेहनत एका जेवणात वाया जाते. चिरण्यासाठी लाकडी पाट घ्यावा आणि सुरी चमच्यांच्या खणात न टाकता वेगळी ठेवावी.