रबर टाकलं तरी मशीन हलतंच? कंपनाच्या बाबतीत या चुका टाळा

"पंपाला व्हायब्रेशन येतंय? खाली रबर टाक." सोसायटीची पंपरूम असो की भोसरीतलं वर्कशॉप, हा सल्ला फुकट मिळतो आणि लगेच अमलातही येतो. आठवड्याभरात तक्रार परत हजर.

रबर पॅडचं किंवा स्प्रिंग माउंटचं काम एकच आहे. मशीनची थरथर जमिनीत उतरू द्यायची नाही. मशीनची स्वतःची थरथर त्याने कमी होत नाही. उलट घट्ट आवळलेल्या मशीनपेक्षा मऊ आधारावरचं मशीन जरा जास्तच डोलतं. म्हणून आधी तक्रार कोणाची ते बघा. बेअरिंग वारंवार जात असतील, कपलिंगचं (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाचं) रबर झिजत असेल, तर तक्रार मशीनची आहे आणि दोष फिरणाऱ्या भागात किंवा बैठकीत शोधायला हवा. खालच्या मजल्यावर छत घुमत असेल, शेजारी वर येऊन भांडत असेल, तर माउंटचा विचार करा. या दोन आजारांना एकच गोळी देणं ही पहिली चूक, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

आरपीएम न सांगता माउंट विकत घेणं

दुकानदार विचारतो, वजन किती? आपण सांगतो आणि तो चार माउंट काढून देतो. वजन विचारलं ते बरोबरच, पण प्रश्न तिथे संपत नाही. मशीन किती आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) चालतं आणि त्या वजनाखाली माउंट किती मिलिमीटर दबतं, हे दोन आकडे हातात नसतील तर ती खरेदी अंदाजपंचेच झाली.

हिशोब सोपा आहे. मशीन ठेवल्यावर माउंट जितके मिलिमीटर दबलं त्याचं वर्गमूळ काढा आणि 946 ला त्याने भागा. मशीन त्या माउंटवर आपणहून मिनिटाला किती वेळा डोलेल, म्हणजे त्याची नैसर्गिक वारंवारता किती, ते कळतं. 1 मिमी दबलं तर सुमारे 950, अडीच मिमी दबलं तर 600, आणि चांगली 25 मिमी दबणारी स्प्रिंग असेल तर 190. मशीनचा वेग या आकड्याच्या 1.41 पटीपुढे गेला तरच कंपन अडायला सुरुवात होते. त्याच्या अलीकडे माउंट असून नसल्यासारखं, किंबहुना नसतं तर बरं. दोन्ही आकडे जुळले तर रेझोनन्स, आणि कंपन कित्येक पटींनी वाढून जमिनीत जातं. व्यवहारात निदान तिप्पट अंतर ठेवावं. तिप्पट असलं की कंपनाच्या बलाचा साधारण आठवा हिस्साच खाली पोहोचतो.

आता एक ब्लोअर घ्या. वेग 1450 आरपीएम, माउंट अडीच मिमी दबलेलं. प्रमाण 2.4, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा खाली उतरतो. वाईट नाही. पुढे वीजबिल वाचवायला त्याला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लागतो. रात्री लोड कमी असतो, ड्राइव्ह 20 हर्ट्झवर येतो आणि पंखा 580 आरपीएमच्या आसपास फिरू लागतो. माउंटचा आकडा 600! असंतुलनाचं बल वेगाच्या वर्गाने घटतं, त्यामुळे ते आता आधीच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी झालेलं असतं. तरीही बेसफ्रेम नजरेला दिसेल इतकी नाचते. "वेग कमी केला आणि व्हायब्रेशन वाढलं" म्हणून सगळे ड्राइव्हवाल्याला धरतात. बिचाऱ्याचा दोष एवढाच की माउंट काय आहे हे त्याने विचारलं नाही. उपायही बहुतेक वेळा ड्राइव्हमध्येच असतो. त्यात स्किप फ्रिक्वेन्सीचं सेटिंग असतं, तिथे 18 ते 23 हर्ट्झचा पट्टा वगळून टाका. त्याच पट्ट्यात चालवणं गरजेचं असेल तर मात्र जास्त दबणाऱ्या स्प्रिंगा घ्याव्या लागतील.

संथ मशीनच्या बाबतीत तर पॅडवाल्यांचं अजिबात ऐकू नका. कूलिंग टॉवरचा 300 आरपीएमचा पंखा 1 मिमी दबणाऱ्या पॅडवर बसवला तर कंपन अडत नाही, दहा टक्के वाढूनच खाली जातं. 25 मिमी दबणारी स्प्रिंग घातली तरी अडतो फक्त तिसरा हिस्सा. तिथे पैसे पंख्याच्या बॅलन्सिंगवर खर्च करावेत. आणि मशीन गच्चीवर असेल तर स्लॅबसुद्धा एक स्प्रिंगच आहे हे विसरू नका. माउंटचं दबणं स्लॅबच्या दबण्याच्या कित्येक पट हवं, नाहीतर माउंट नुसतं शोभेला राहतं.

रबराची एक गंमत आहे. ते दाबल्यावर आकसत नाही, बाजूला फुगतं. फुगायला जागा नसली की ते दगडासारखं वागतं. म्हणूनच चांगल्या पॅडला खाचा किंवा बोंडं असतात. जुन्या कन्व्हेयर बेल्टचा चौरस तुकडा कापून पंपाखाली सारणं हा आपल्याकडचा लाडका जुगाड. त्यात वर कापडाचे थर, म्हणजे तो आणखी कडक. त्याने बैठक समतल होत असेल, कंपन अडत नाही. जास्त दबणं हवं असेल तर खाचांचे दोन पॅड मधे पातळ लोखंडी पत्रा घालून एकावर एक ठेवा, दबणं दुप्पट होतं. तेल गळत असेल तिथे साधं नैसर्गिक रबर नको, निओप्रिन किंवा नायट्राइल घ्या. हलत्या भाराखाली रबर स्थिर भारापेक्षा कडक वागतं, म्हणून वरच्या हिशोबात थोडा हात राखूनच माउंट निवडावं.

घाण न काढता बॅलन्सिंग करणं

साखर कारखान्याच्या बॉयलरवरचा आयडी फॅन, म्हणजे धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा, बघा. बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख पात्यांवर बसते, काही ठिकाणी पातं खाते. गाळप ऐन भरात असताना कंपन वाढलं की बॅलन्सिंगवाल्याला बोलावतात, तो पात्याला वजन वेल्ड करून जातो. दोन दिवसांनी राखेचा एक पोपडा सुटतो आणि परत तेच. आता लावलेलं वजनच असंतुलन बनलेलं असतं. आधी इम्पेलर (पात्यांचं चाक) खरवडून साफ करा, मग मोजा, मग वजन लावा. पाती पोकळ असतील तर वेल्डला तडा गेलाय का तेही बघा. आत शिरलेली राख किंवा पाणी दर वेळी वेगळ्या जागी जाऊन बसतं, त्यामुळे प्रत्येक स्टार्टला रीडिंग वेगळं येतं. असं दिसलं की बॅलन्सिंगची पेटी उघडूच नका, तो तडा शोधा.

किती ग्रॅमने काय होतं याचा अंदाज असावा. 300 मिमी त्रिज्येवर 10 ग्रॅम जास्त असेल तर 1450 आरपीएमला ते साधारण 7 किलोच्या जोराने ओढतं, 2900 ला 28 किलोच्या. पंख्यांसाठी सहसा बॅलन्सिंगची जी 6.3 ही श्रेणी धरतात. 50 किलोच्या रोटरला 1450 आरपीएमवर त्यात जी सूट मिळते ती त्याच त्रिज्येवर 7 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एम10 च्या एका नटापेक्षाही कमी. "थोडंसं वेल्डिंग वर राहिलंय, चालतंय" म्हणणाऱ्या फिटरला हा आकडा जरूर सांगा.

कपलिंग आणि रोटर वेगवेगळ्या ठिकाणी बॅलन्स होत असतील तर दोघांनी की (शाफ्टच्या खाचेत बसणारी चावी) कशी धरली ते विचारा. एकाने पूर्ण की लावून आणि दुसऱ्याने अर्धी धरून काम केलं असेल, तर दोन्ही सर्टिफिकेटं चोख असूनही जोडलेलं मशीन हलतं.

पाय टेकलाय की नाही ते न बघणं

मोटरचे चारही बोल्ट आवळलेले असतात, पण चारही पाय टेकलेले असतातच असं नाही. एक पाय अधांतरी राहिला आणि बोल्टने तो ओढून बसवला की मोटरची बॉडीच पिळते. तपासायला मशीन बंद करा, लॉकआउट (चुकून सुरू होऊ नये म्हणून स्विचला कुलूप) लावा, पायावर डायल गेज ठेवा आणि एकेक बोल्ट ढिला करून परत आवळत जा. सुई 0.05 मिमीपेक्षा जास्त उठली तर तिथे शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, हवी. शिम स्टेनलेसच्या आणि एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त नकोत. पत्र्याच्या डब्याचे कापलेले तुकडे कोपऱ्यात वळलेले असतात. त्यांचा ढीग घातला की तो पाय स्प्रिंगसारखा वागू लागतो.

अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं, नेहमी हे झाल्यावर. "कपलिंग फ्लेक्झिबल आहे, सांभाळून घेईल" हा समज फार पक्का बसलाय. कपलिंग स्वतः टिकेलही, पण वाकडेपणाचा जोर बेअरिंगवर जातोच. गरम द्रव खेचणाऱ्या पंपाची अलाइनमेंट थंड असताना शून्यावर आणून ठेवली तरी चुकते. पोलाद एका मीटरला एका अंशामागे सुमारे 12 मायक्रॉन वाढतं. पंपाची सेंटर हाइट 400 मिमी आणि पायांपर्यंतचं अंग 50 अंशांनी तापलं, तर शाफ्ट जवळजवळ पाव मिलिमीटर वर जातो. तेवढा पंप आधीच खाली ठेवायचा असतो. नेमका किती, ते उत्पादकाच्या पुस्तकात पाहा.

माउंटला वळसा

माउंट उत्तम, हिशोब बरोबर, तरी भिंत घुमते. अशा वेळी माउंटकडे बघू नका, मशीनपासून भिंतीपर्यंत जाणारी प्रत्येक कडक गोष्ट हाताने चाचपा. जीआय पाइप थेट भिंतीत क्लॅम्प केलेला असतो. केबल लोखंडी कॉन्ड्यूटमधून ताणून आणलेली असते. डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) एक्झॉस्टला बेलो, म्हणजे लवचिक नळी, बसवलेला असतो, पण पाइप मुळात तिरका म्हणून तो ओढून बसवलाय आणि लवचिकता सगळी तिथेच संपली. कधी बेसफ्रेमखाली सांडलेलं ग्राउट सुकून स्प्रिंगच्या शेजारी खांब बनतं. असा एक दुवा राहिला तरी बाकीचा खर्च पाण्यात. घरातलं उदाहरण म्हणजे फ्रंट लोड वॉशिंग मशीन. मागचे ट्रान्झिट बोल्ट काढायचे राहिले तर आतला ड्रम स्प्रिंगवर लटकण्याऐवजी बॉडीला जखडलेला असतो आणि स्पिनला मशीन बाथरूमभर चालत सुटतं.

एकाच वेगावर रीडिंग घेऊन निकाल देणं

स्विच बंद करा आणि बघत राहा. या साध्या चाचणीतून जे कळतं ते कधीकधी महागड्या अॅनलायझरच्या पहिल्या रिपोर्टमध्येही नसतं. वीज तोडताच कंपन त्या क्षणी गेलं तर दोष विजेचा, मोटरच्या स्टेटरकडे किंवा एअरगॅपकडे बघा. आपल्या 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर हे कंपन 100 हर्ट्झवर दिसतं. वेगाबरोबर हळूहळू ओसरलं तर असंतुलन किंवा तत्सम यांत्रिक कारण. आणि वेग उतरताना मधेच एकदा उसळी मारून मग शांत झालं, तर त्या वेगाला रेझोनन्स आहे. रेझोनन्सवर चालणाऱ्या मशीनचं बॅलन्सिंग करत बसलात तर वैतागाल. तिथे फ्रेमला आडवं पोलाद वेल्ड करून ती कडक करणं किंवा वेगच बदलणं हा मार्ग.

आकडे वाचतानाही बैठक विचारात घ्या. 15 ते 300 किलोवॅटच्या मशीनसाठी कंपनाच्या वेगाचा 4.5 मिमी प्रति सेकंद हा आकडा कडक फाउंडेशनवर धोक्याच्या पट्ट्याची सीमा आहे. लवचिक बैठकीवर तीच सीमा 7.1 पर्यंत सरकते. स्प्रिंगवरच्या मशीनला कडक बैठकीचा तक्ता लावून लोक उगाच घाबरतात.

स्टँडबाय पंप विसरणं

चालू पंपाशेजारी महिनोन्‌महिने उभा असलेला पंपही खराब होतो. शेजारच्या थरथरीने त्याच्या बेअरिंगचे गोळे एकाच जागी घासत राहतात, वंगण तिथून सरतं आणि रेसवर (गोळे ज्या कडीवर फिरतात तिच्यावर) खळगे पडतात. सुरू केला की नव्या पंपातून घरघर. आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने सव्वा फेरा फिरवून ठेवा. पूर्ण फेरा नको, शाफ्ट पुन्हा त्याच जागी येईल.

गाडीत

80-90 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि त्यापुढे कमी होतं, ही तक्रार बहुतेक पुढच्या चाकांची. सीट थरथरत असेल तर मागच्या. 15 इंची रिमचं साधारण कारचं चाक 90 च्या वेगाला सेकंदाला तेराच्या आसपास फेरे घेतं आणि स्टिअरिंग-सस्पेन्शनचं आपलं डोलणं तिथे जवळपास असतं, म्हणून ठराविक वेगालाच त्रास. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसतो. तो न धुता बॅलन्सिंग केलं की पहिला पोपडा निघाला की पैसे वाया.

तीन सिलिंडरच्या इंजिनाची आयडलची थरथर बंद करायला काही जण कडक माउंट बसवून घेतात. थरथर बंद होत नाही, थेट सीटवर येते. आधी जुनं माउंट फाटलंय का बघा. हायड्रॉलिक असेल तर त्यातलं द्रव गळलंय का बघा आणि मूळ जातीचंच घाला.

टेम्पो-ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले अधिक चिन्हासारखे तुकडे) बदलताना खोलण्याआधी दोन्ही भागांवर पंचने खूण करा. स्प्लाइन एक दात जरी चुकीचा बसला तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत राहत नाहीत आणि प्रत्येक फेऱ्याला दोन झटके येऊ लागतात. मग मालक सेंटर बेअरिंग बदलतो, गिअरबॉक्स उतरवतो, डिफरन्शियल उघडतो. खूण करायला मिनिटही लागत नाही.