रोबोच्या कोडची तपासणी डॉकरमध्ये कशी बसवावी

अंबडला आमच्या शेडमध्ये द्राक्षबागेत फवारणी करणारा एक छोटा रोबो आहे. कोड सी प्लस प्लसमध्ये, रॉस-टू या रोबोंसाठीच्या सॉफ्टवेअर-संचावर. माझ्या लॅपटॉपवर तो शहाण्यासारखा चालायचा आणि दिंडोरीच्या बागेत नेला की सुरू होताच नोझल पूर्ण उघडायचं. दोन दिवस वायरिंग तपासली. दोष निघाला कोडमध्ये: दाबाचा आकडा ठेवणाऱ्या व्हेरिएबलला कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती, त्यामुळे मेमरीत जे पडलेलं असेल ते तो उचलायचा.

गंमत म्हणजे सीपीपीचेक, कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम, मी रोज चालवत होतो. तो गप्प राहिला त्याला कारणं दोन. एक, नुसता चालवला तर तो फक्त 'एरर' दाखवतो, आणि ही चूक 'वॉर्निंग'मध्ये मोडते. दुसरं जास्त लबाड: क्लासची हेडर फाइल, म्हणजे क्लासची व्याख्या असलेली फाइल, त्याला सापडतच नव्हती. हेडर नाही म्हणजे क्लास माहीत नाही, मग तक्रार कसली करणार? म्हणून डॉकरच्या कंटेनरमध्ये (लॅपटॉपपासून वेगळ्या बंद वातावरणात) नुसतं टूल भरून भागत नाही, अख्खं बिल्ड, म्हणजे कोड कंपाइल करण्याचं काम, आत न्यावं लागतं.

आधी इमेज, म्हणजे ज्यावरून कंटेनर तयार होतो तो साचा. रोबोवर रॉसची जी आवृत्ती आहे तीच अधिकृत इमेज घ्या. आमच्याकडे हंबल आहे: 2022 ची, उबुंटू 22.04 वरची, मे 2027 पर्यंत सपोर्ट असलेली. जॅझी असेल तर खाली उबुंटू 24.04 येतो. 'लेटेस्ट' टॅग लावू नका, एखाद्या सकाळी आवृत्ती बदललेली असते आणि दोष कोडला दिला जातो.

मग डॉकरफाइल, म्हणजे इमेज बनवण्याच्या सूचनांची फाइल. सीपीपीचेक आणि क्लँग-टायडी (असंच दुसरं तपासणीचं टूल) उबुंटूच्या ॲप्ट इन्स्टॉलरने टाका, पण ॲप्टचं अपडेट आणि इन्स्टॉल एकाच रन ओळीत. वेगळ्या ओळी केल्या की अपडेटचा थर कॅशमध्ये राहतो आणि तीन महिन्यांनी इन्स्टॉल जुन्या यादीतली, सर्व्हरवर नसलेली पॅकेजं मागत बसतं. त्यानंतर सगळा कोड कॉपी न करता फक्त प्रत्येक पॅकेजची पॅकेज-एक्सएमएल फाइल (त्या पॅकेजला काय काय लागतं त्याची यादी) कॉपी करा आणि ते सगळं उतरवणारं रॉसडेप चालवा. कोडची एक ओळ बदलली म्हणून सगळी डिपेन्डन्सी पुन्हा उतरत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला याची किंमत विचारा.

इथे एक खड्डा आहे. रॉसच्या इमेजमध्ये रॉसचा सेटअप आपोआप सोर्स होतो, म्हणजे शेलमध्ये लागू होतो, पण तो कंटेनर चालू करताना. डॉकरफाइलच्या रन ओळीत होत नाही. शिवाय तिथला शेल साधा 'एसएच' असतो, त्याला 'सोर्स' कळत नाही. शेल बदलून बॅश करा, किंवा सोर्सऐवजी नुसता टिंब वापरा.

आता बिल्ड, कंटेनरच्या आत. कोडचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं कंटेनरला जोडा (माउंट करा), बिल्डसाठी वेगळं फोल्डर द्या. आपला यूजर आयडीही कंटेनरला सांगा, नाहीतर तयार झालेल्या फाइल रूटच्या नावावर जातात आणि पुसायला सुडो लागतो. रॉसच्या बिल्ड टूलला, कोलकॉनला, कंपाइल कमांड्सची जेसन फाइल काढायला सांगणारा सीमेकचा पर्याय द्या. कुठली फाइल कुठल्या हेडर-पाथसह कंपाइल होते ते या फाइलमध्ये असतं.

पण त्यातले पाथ पूर्ण असतात, अगदी रूटपासून. लॅपटॉपवर बिल्ड करून ती फाइल कंटेनरला दिली, की आत माझं होम फोल्डरच नाही, आणि क्लँग-टायडी 'फाइल नाही' म्हणून हात वर करतो. माझी एक संध्याकाळ यात गेली.

शेवटी तपासणीची स्क्रिप्ट. सीपीपीचेकला तीच जेसन फाइल प्रोजेक्ट म्हणून द्या, वॉर्निंग चालू करा आणि चूक सापडल्यावरचा एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा, 0 म्हणजे सगळं ठीक) 1 ठेवा. हा कोड स्वतः ठरवला नाही तर पन्नास चुका सापडूनही तो 0 देतो आणि सगळं हिरवं दिसतं. मेसेजसाठी रॉसने आपोआप तयार केलेला कोड वगळा, तुम्ही न लिहिलेल्या चुका वाचायला वेळ कुणाला आहे? आणि रॉससोबत येणाऱ्या अमेंट टूल्समधली सीपीपीचेक चाचणी वापरत असाल तर तिचा निकाल नीट वाचा: सीपीपीचेक 2 ची मालिका संथ म्हणून ती चाचणी स्वतःच वगळते, मुद्दाम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावल्याशिवाय चालत नाही. हंबलखालच्या उबुंटूत नेमकी 2 चीच मालिका आहे.

सगळं जमलं असं वाटलं की मुद्दाम एक चूक करा. मी दाबाला शून्य देणारी ओळ काढून कंटेनर चालवला. या वेळी फाइलचं नाव, ओळीचा नंबर आणि 'मेंबर व्हेरिएबल इनिशिअलाइज केलेला नाही' ही तक्रार, तिन्ही टर्मिनलवर आली. एक्झिट कोड 1. ओळ परत टाकली.