सिरॅमिक फिनिशिंगला नवीन लागलात? या चुका टाळा

नागपूरकडच्या हिंगण्याच्या नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत आयटीआय करून आलेला पोरगा सिरॅमिकवर लागतो, तेव्हा त्याचा हात लोखंडावर बसलेला असतो. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. लोखंडावर जोर जास्त झाला तर ते दबतं, वाकतं, निदान आवाज तरी करतं. अ‍ॅल्युमिना, म्हणजे आपलं नेहमीचं सिरॅमिक, सरळ तडकतो, आणि कधीकधी तडा आत ठेवून वरून साळसूद दिसतो.

सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर (पार्ट चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पाटावर) अ‍ॅल्युमिनाची प्लेट ठेवून स्विच दाबणारा एक तरी महाभाग दर बॅचला निघतोच. भाऊ, ते चुंबकाला धरत नाही. पार्ट मेणाने लोखंडी प्लेटवर बसवायचा आणि ती प्लेट चकवर ठेवायची. काम झाल्यावर पार्ट स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, प्लेट पुन्हा गरम करा आणि मेण सुटल्यावर बाजूला सरकवून काढा. पाच मिनिटं जातात, जाऊ द्या.

आता व्हर्निअर. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. एका ठिकाणी पंपाच्या सील रिंगांचा अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला होता. शेरा काय, तर ‘फेसवर केसासारखे तडे’. दिव्याखाली धरलं तर खरंच बारीक करड्या रेघा दिसत होत्या, आणि त्याही लॅपिंग केलेल्या, म्हणजे बारीक पुडीने घासून गुळगुळीत केलेल्या फेसवर. मालक भट्टीवाल्यांवर उखडले, भट्टीवाले ग्राइंडिंगवर. शेवटी लाल डाय लावून रिंगा धुतल्या. तडा असता तर डाय आत शिरून लाल रेघ उरली असती. एकाही रिंगेवर उरली नाही. नखाने चाचपलं तरी काही लागेना. साध्या खोडरबराने घासलं तर रेघ पुसट झाली!

झालं असं होतं की नवीन हेल्पर फार मन लावून काम करणारा. प्रत्येक रिंगेची जाडी तो स्टीलच्या व्हर्निअरने तपासायचा आणि जबडे फेसवरून ओढत बाहेर काढायचा. अ‍ॅल्युमिना स्टीलपेक्षा कितीतरी कडक. रिंगेला ओरखडा पडत नव्हता, स्टीलच झिजून तिच्यावर उमटत होतं. पोराची मेहनत खरी होती, पण तिनेच लॉट परत आणला. माझी सवय सांगतो: कार्बाइड टिपचा मायक्रोमीटर, जबडे आधी उघडायचे आणि मगच पार्ट काढायचा, उचलायला प्लास्टिकचा चिमटा. कोणी स्टीलची पट्टी फेसवर टेकवली की मी ओरडतो, आणि ओरडत राहणार.

दुसरी चूक घाईची आहे. व्हील पार्टच्या ज्या कडेवरून बाहेर पडतं, तिथे मागून आधार नसतो आणि कडेचा टवका उडतो. सुरुवातीचे पास नीट जातात, म्हणून पोरांना वाटतं जमलं, आणि शेवटी शेवटी फीड वाढवतात. तिथेच घात होतो. मेण लावताना मागे त्याच मटेरियलचा भंगार तुकडा चिकटवून ठेवला, तर टवका त्याचा उडतो, तुमचा पार्ट वाचतो. ड्रॉइंगवर चॅम्फर (कोपऱ्याला तिरका उतार) असेल तर मी तो आधी मारतो, म्हणजे धारदार कोपराच उरत नाही. फिनिशिंगला एका पासमध्ये पाच-दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर मी जात नाही. शेजारच्या मशीनवर कोणी पन्नास घेत असेल तर त्याला घेऊ द्या, आणि संध्याकाळी त्याचा रिजेक्शनचा ट्रे बघा.

डायमंड व्हील कापेनासं झालं की जोर वाढवू नका, व्हीलला पुन्हा धार आणणारी ड्रेसिंग स्टिक लावा.

कूलंट आधी सुरू करायचं, कट नंतर. कोरडा पार्ट तापल्यावर त्याच्यावर थंड धार सोडणं म्हणजे तड्याला आवतण देणं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, टाकीतलं पाणी उडून जातं आणि कूलंट घट्ट होतं. नुसतं पाणी वाढवून गप्प बसू नका, किती दाट आहे ते रिफ्रॅक्टोमीटरने बघा.

गरमीचा आणखी एक फटका मापात बसतो. माप धरायचं ते २० अंशांना. ५० मिमीचा अ‍ॅल्युमिना १० अंशांनी तापला की साधारण ४ मायक्रॉन वाढतो. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ५ मायक्रॉनचा असेल तर उरलं काय? मशीनवरून काढलेला पार्ट आणि मायक्रोमीटर मी एकाच ग्रॅनाइट प्लेटवर ठेवतो आणि चहा पिऊन येतो. ज्याला तेवढाही धीर नाही, त्याने दुसरं काम बघावं.

लॅपिंगमध्ये जाड ग्रिट (घासायची पूड) आणि बारीक ग्रिट यांचे ब्रश वेगळे ठेवा, मधे हात धुवा. सुकलेली पूड हवेच्या पाइपने उडवू नका, ती तुमच्याच फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

आणि पार्ट हातातून पडला तर तो गुपचूप ट्रेमध्ये ठेवू नका. वरून ठणठणीत दिसला तरी वेगळा काढा, त्यावर चिठ्ठी लावा, डाय टेस्टला पाठवा. सुपरवायझर दोन शब्द बोलेल, ते ऐकून घ्या.