बाइकचा पार्ट दुकानातून घ्यावा की ऑनलाइन? आधी पार्ट नंबर शोधा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर एक पावसाळा काढला की कोनसेट (हँडलच्या दांड्यातलं बेअरिंग) वाजायला लागतो, चेन लोंबते आणि गॅरेजवाला चिठ्ठीवर चार पार्ट लिहून देतो. दुकानात सोळाशेला असलेला चेनसेट (चेन आणि तिची दोन दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) मोबाइलवर अकराशेला दिसला, की दुकानदार आपल्याला कापतोय असं वाटतं. कापतही असेल. पण दोन्हीकडे वस्तू एकच आहे का, हे आधी बघा. पुष्कळदा नसते.

पहिलं काम: पार्ट नंबर

आरसीवरचा चासिस नंबर आणि गाडी बनल्याचा महिना-साल, दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कंपनीच्या अधिकृत शोरूमच्या स्पेअर काउंटरवर चासिस नंबरवरून नेमका पार्ट नंबर आणि त्याची एमआरपी कळते. नुसतं गाडीचं नाव पुरत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या कित्येक गाड्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. टाकीवरचं नाव तेच राहिलं, आतले सेन्सर, पंप, वायरिंग बदललं. दुकानातला जुना माणूस ‘साल कुठलं? डिस्क की ड्रम?’ असं विचारल्याशिवाय डबा काढत नाही. ऑनलाइन हे आपलं आपल्यालाच विचारावं लागतं.

मग किंमत

एमआरपी हातात आली की अर्धा निकाल लागतो. तोच पार्ट नंबर ऑनलाइन थोडा स्वस्त मिळाला, तर पटण्यासारखं आहे. निम्म्या किमतीत दिसला, तर तो दुसऱ्या कंपनीचा तरी असतो किंवा डुप्लिकेट तरी. दुसऱ्या कंपनीचा म्हणजे वाईट, असं नाही. रोलॉनची चेन किंवा एनजीकेचा प्लग चांगला चालतो. फक्त त्याची तुलना त्याच मालाच्या दुकानातल्या भावाशी करा. आणखी एक गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुनी एमआरपी छापलेला डबा काउंटरवर आला तर कमी झालेला भाव मागा, लाजू नका.

वरचे खर्चही मांडा. आपण आणलेल्या पार्टची जबाबदारी बरेच गॅरेजवाले घेत नाहीत. पार्ट बसला नाही तर उघडलेली गाडी तशीच पडून राहते, दुसऱ्यांदा लेबर द्यावं लागतं आणि तोवर स्टेशनपर्यंत रिक्षा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

काय कुठून घ्यावं

ब्रेक शू, डिस्क पॅड, चेनसेट, क्लच प्लेट, बेअरिंग, टायर हे माझ्या मते जवळच्या दुकानातूनच, पक्क्या बिलावर घ्यावं. नौपाडा असो की कोपरखैरणे, ओळखीचा दुकानदार न बसलेला पार्ट दुसऱ्या दिवशी बदलून देतो. अपवाद विजेच्या पार्टचा. ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बहुतेक काउंटरवर असते, तेव्हा सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा भाग) किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच) घेताना पैसे देण्याआधीच नंबर जुळवा.

मोबाइल होल्डर, सीट कव्हर, आरसे, टूलकिट खुशाल ऑनलाइन घ्या. बंद पडलेल्या मॉडेलचे पार्टही तिथेच लवकर सापडतात.

माल हातात आल्यावर

जुना पार्ट सोबत न्या आणि काउंटरवर शेजारी ठेवा. चेनसेट असेल तर स्प्रॉकेटचे दात मोजा, चेनवरचा मापाचा आकडा वाचा. छोट्या गाड्यांना बहुतेक ४२८ असते, पण कड्यांची संख्या मॉडेलप्रमाणे बदलते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर जाते. डब्यावर एमआरपी, पॅकिंगचा महिना-साल, बनवणाऱ्याचा पत्ता आणि तक्रारीचा नंबर हवाच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. ऑइलच्या कॅनवर गिअरच्या बाइकसाठी जासो (ऑइलचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ बघा. एमबी हे स्कूटरचं ऑइल. ते बाइकमध्ये ओतलं तर क्लच घसरू शकतो.

ऑनलाइन मागवताना साइटचं नाव मोठं आहे म्हणून विसंबू नका, विकणारा कोण ते बघा. विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि माल कुठल्या देशाचा, हे दाखवणं ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. बसवून बघितलेला, ग्रीस लागलेला पार्ट सहसा परत घेत नाहीत, म्हणून आधी नुसता शेजारी ठेवून जुळवा. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते: वाशी-नेरुळवाल्यांना ठाणे जिल्हा, खारघर-पनवेलवाल्यांना रायगड. त्यासाठी बिल लागतं. ‘बिलाशिवाय शंभर कमी करतो’ म्हणणाऱ्याला ते शंभर रुपये देऊन टाका.

बसवल्यानंतर जुना पार्ट मागून घ्या आणि बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर लिहा. रिकामा डबा, होलोग्राम गॅरेजमध्ये अख्खा सोडू नका, फाडून टाका. ऑइलच्या कॅनला खिळ्याने भोक पाडा. अशाच अख्ख्या डब्यांमधून डुप्लिकेट माल पुन्हा बाजारात येतो.