अज्ञात वाहनाने उडवलं, तर फाइलीत काय काय हवं

गाडीचा नंबरच मिळाला नाही, मग भरपाई मागायची कुणाकडे? मुंबई-आग्रा महामार्गाच्या काठच्या गावांत हा प्रश्न नेहमीचा. अशा वेळी मागणं गाडीवाल्याकडे नसतं, सरकारी निधीकडे असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालच्या योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. पूर्वी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते.

तयारी सुरू होते ती दवाखान्याच्या दारात. जखमीला आत नेताना पोलिसांचं झंझट नको म्हणून कुणीतरी पटकन सांगून टाकतं, ‘गाडीवरून घसरला.’ केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे महिनोन्‌महिने ते एक वाक्य निस्तरत बसावं लागतं. आमच्या नात्यातल्या एका प्रकरणात हे झालं आहे, म्हणून तळमळीनं सांगतो: ‘रस्त्यावर वाहनानं धडक दिली, वाहन पळून गेलं’ असंच सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण (मेडिको-लीगल केस) अशी दवाखान्यातली नोंद, करून घ्या. सिव्हिलला नेलं काय किंवा खासगीत नेलं काय, हे बदलत नाही. नंतर तिथूनच दुखापतीचा दाखला, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि बिलं घ्यायची. हाड मोडलं किंवा दात तुटला तर कायद्याने ती गंभीर दुखापत. नुसतं खरचटलं, चार टाके पडले, तर सहसा नाही. मृत्यू झाला असेल तर पीएम रिपोर्ट, म्हणजे शवविच्छेदनाचा अहवाल लागतो.

पोलिसांकडून एफआयआरची प्रत घ्या, ती फिर्यादीला मोफत मिळते. सोबत घटनास्थळाचा पंचनामाही मागा. हद्दीचा घोळ इथे हमखास होतो, कारण नाशिकजवळचं आडगाव शहर पोलीस आयुक्तालयात आणि ओझर ग्रामीण पोलिसांकडे. ‘आमच्याकडे येत नाही’ असं ऐकवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतली जाणारी फिर्याद, नोंदवा म्हणावं. जबाबात जे पाहिलं तेवढंच सांगा. पांढरी पिकअप दिसली असेल तर तेही सांगा, पण ऐकीव नंबर ठोकून देऊ नका.

सीसीटीव्हीचं काम मात्र पहिल्या दोन-चार दिवसांतच उरका. पेट्रोल पंप, हॉटेलं, टोलनाके यांचं चित्रण पुसलं जातं, म्हणून ते ताब्यात घ्यावं असा लेखी अर्ज ठाण्यात देऊन पोच घ्या. गाडी सापडली तर प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातं आणि तिथे कमाई, वय, अवलंबून असलेली माणसं पाहून रक्कम ठरते, ती दोन लाखांच्या कितीतरी वर जाऊ शकते. तिथल्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, ती डोक्यात ठेवा.

महिनाभरात वाहनाचा पत्ता लागला नाही, तर या योजनेची माहिती पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना लेखी कळवायची आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. ते पत्र स्वतःहून घरी आलं नाही तर मागायला जा.

आता नावं. मला विचाराल तर फाइल अडते ती बहुतेकदा इथेच. एफआयआरमध्ये ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’, पासबुकात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. सगळे कागद जमिनीवर पसरून शेजारी शेजारी वाचा. फरक असेल तर एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. वारसाचं नातं दाखवायला रेशनकार्ड जोडा.

अर्ज नमुना १ मध्ये करायचा. नमुना ४ मधलं हमीपत्र, अर्जदाराच्या पासबुकाची प्रत, जखमी किंवा मृताची आणि अर्जदाराची ओळखपत्रं, कॅशलेस उपचार झाले असतील तर त्यांचं बिल आणि वरचे पोलिसांचे व दवाखान्याचे कागद त्याला जोडायचे. हमीपत्र सही करण्याआधी वाचा: पुढे गाडी सापडून दुसरीकडून भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करायची असते.

अर्ज जातो प्रांत किंवा तहसीलदारांकडे, आणि तेही अपघात झाला त्या भागातल्या. माणूस सिन्नरचा आणि अपघात इगतपुरी तालुक्यातल्या घोटीजवळ, तर चौकशी इगतपुरीला करा. उगाच सिन्नरच्या खेपा नकोत. तिथून चौकशी अहवाल महिनाभरात जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, ते पंधरा दिवसांत मंजुरी देतात आणि त्यानंतर पंधरा दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिल ही विमा कंपन्यांची संस्था पैसे थेट खात्यात टाकते, असा नियम आहे. एवढ्यासाठी वकील लागतोच असं नाही, आणि टक्केवारी मागणारा मध्यस्थ तर नकोच. अर्जाचे दोन संच करा, दुसऱ्यावर तारखेसह शिक्का घ्या आणि महिना उलटला की तोच संच हातात घेऊन विचारायला जा.