थायलंडमध्ये नोकरीला येताय? आधी री-एन्ट्री परमिटचं बघा

कंपनी व्हिसा आणि वर्क परमिट हातात देते, म्हणून आपली माणसं पासपोर्टातले शिक्के वाचतही नाहीत. नॉन-बी (नोकरीच्या) व्हिसावर साधारणपणे आधी ९० दिवस मिळतात, मग नोकरीच्या आधारावर मुक्काम वाढवून मिळतो, बहुधा वर्षाचा. तो शिक्का पडला की री-एन्ट्री परमिट, म्हणजे त्याच मुक्कामावर परत येण्याची परवानगी, घेतल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकू नका. गणपतीला चार दिवस पुण्याला असो, नाहीतर शनिवार-रविवार सिंगापूरला. परमिट न घेता गेलात तर बाहेर पडताक्षणी मुक्कामाची परवानगी संपते, आणि परतल्यावर नॉन-बीपासून सगळं पुन्हा. मूळ व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा होता, ही सबब चालत नाही. फॉर्म टीएम८, एक फोटो, पासपोर्टच्या झेरॉक्स. एका वेळेचे १,००० बाथ, कितीही वेळांचे ३,८००. वर्षात चार फेऱ्या होणार असतील तर कितीही वेळांचंच घ्या. मुक्काम पुन्हा वाढवला की परमिटही नवं. बायकोमुलांचं प्रत्येकी वेगळं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. सुवर्णभूमी विमानतळावर निघतानाही मिळतं, पण त्या भरवशावर राहू नका. ‘काही होत नाही रे’ म्हणणारे देशबांधव इमिग्रेशनच्या खिडकीशी तुमच्यासोबत उभे राहणार नाहीत.

तुम्ही राहायला आल्याची टीएम३० नोंद घरमालकाने २४ तासांत करायची असते. पावतीची प्रत मागून ठेवा. सलग ९० दिवस देशात राहिलात तर टीएम४७, म्हणजे कुठे राहता ते इमिग्रेशनला कळवणारा फॉर्म, भरा: तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. चुकलं तर २,००० बाथ दंड. देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी पुन्हा एकपासून.

घराला सहसा दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं. सही करण्याआधी विजेचा दर विचारा, कारण काही मालक सरकारी दरापेक्षा बराच जास्त लावतात आणि एसीच्या देशात ते भाड्याइतकंच बोचतं. कॉन्डोत बहुधा गॅस नसतो. कुकर इंडक्शनवर चालणारा आणा; आपला तीन गोल पिनांचा प्लग इथे बसत नाही.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘मांस नको’ सांगू नये. भाजीत नाम प्ला (माशाचा सॉस) किंवा नाम मान होय (कालवांचा सॉस) पडतोच, आणि स्वयंपाक्याच्या लेखी ते मांस नव्हेच. सोम ताममध्ये (कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत) सुकी कोळंबी असते, आमटीसारख्या दिसणाऱ्या करीच्या वाटणात कापी, म्हणजे कोळंबीची चटणी. ‘किन जे’ म्हणा: मांस, मासे, अंडी, दूध, शिवाय कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ दिसलं की निर्धास्त बसा. अंडं चालत असेल तर ‘मांगसाविरत’ म्हणा. तूरडाळ, हिंग बँकॉकला पाहुरात या भारतीय बाजारात मिळतात. गोडा मसाला घरूनच आणा.

थाई रोमन लिपीतून शिकू नका. फुकेतचा ‘फ’ ओठ मिटून म्हणायचा, इंग्रजी ‘एफ’ नव्हे. क-ख, त-थ हा भेद आपल्याला जन्मजात येतो, तिथे युरोपीय अडखळतात. आपण अडखळतो पाच सुरांवर (सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो), म्हणून शब्द सुरासकट पाठ करा. रोज दहा शब्द पुरेत, पण प्रत्येक वाक्याशेवटी आदराचं पुरुषांनी ‘खाप’, बायकांनी ‘खा’ हवंच. वर्षानुवर्षं इथे राहून एवढंही न शिकलेले आपले लोक थोडे नाहीत.

घड्याळ सांभाळा. संध्याकाळी सातला ‘नुंग थुम’, म्हणजे एक. आठला ‘साँग थुम’, म्हणजे दोन. वर्ष बौद्ध शकाचं, ५४३ ने पुढे: पाकिटावरच्या तारखेत ६८ (म्हणजे २५६८) दिसलं तर ते २०२५.

राजघराण्यावर विनोद नको, व्हॉट्सॲपवरही नको. कलम ११२ खाली दर गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं तुरुंगवास आहे. ऑफिसात आवाज चढवलात तर काम होत नाही, उलट कायमचं अडतं. हसून मान डोलावणं म्हणजे होकार समजू नका, ‘कधीपर्यंत देता?’ असं विचारा.

बँकॉकबाहेर बदली झाली तर शहरी थाईवर सगळं भागत नाही. ईशान्येला खोन केन, उदोनकडे इसान बोली लाओच्या जवळची: ‘नाही’ला ‘बो’, ‘चविष्ट’ला ‘सेप’, आणि जेवणात हाताने खायचा चिकट भात. उत्तरेला चिआंग माईत बायका ‘खा’ऐवजी ‘जाव’ म्हणतात. तिथे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल जंगल-शेतातल्या जाळपोळीचा धूर कोंडतो. दमेकरी घरात असेल तर एअर प्युरिफायर जानेवारीतच घेऊन ठेवा.