मित्रांसोबत चार दिवसांत रॉक अल्बम रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

आम्ही पाच जणांनी पुण्यात एका मित्राच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये चार दिवसांत आठ गाणी रेकॉर्ड केली, आणि त्यातली तीन नंतर अख्खी परत करावी लागली. कारण एकच, सेशनला बसल्यावर सगळं ठरवत बसलो, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिली चूक म्हणजे अर्धवट बसलेली गाणी घेऊन जाणं. बीटल्स या इंग्लिश बँडनी 11 फेब्रुवारी 1963 ला लंडनमध्ये एकाच दिवसात पहिल्या अल्बमची 10 गाणी घेतली, हे सगळे सांगतात, पण त्यातली बहुतेक त्यांनी स्टेजवर वाजवून वाजवून हातात बसवली होती हे कोणी सांगत नाही. त्या दिवशी त्यांचा गायक जॉन लेननला सर्दी होती म्हणून घसा फाडायला लावणारं गाणं मुद्दाम सगळ्यात शेवटी घेतलं. आम्ही नेमकं उलटं केलं, ओरडायचं गाणं पहिल्याच दिवशी सकाळी घेतलं आणि पुढचे दोन दिवस आमच्या गायकाचा आवाजच लागेना. टेम्पो, स्केल, सोलो किती बारचा (म्हणजे तालाच्या किती आवर्तनांचा), शेवट कसा, हे सगळं आधी कागदावर लिहा आणि रिहर्सल फोनवर रेकॉर्ड करून ऐका, वेग कुठे पळतोय ते लगेच कळतं.

आता ड्रम्स. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण गिटार आणि व्होकल्स नंतर कोणाच्याही बेडरूममध्ये परत घेता येतात, ड्रम्स नाही. किट ट्यून न करताच माइक लावायची घाई करू नका. टॉम (किटमधले मधल्या आकाराचे ड्रम) जास्त घुमत असेल तर टिश्यू पेपरची घडी स्किनच्या कडेला टेपने चिकटवा, बास ड्रममध्ये उशी टाका. मग मेजर टेप घ्या आणि स्नेअरच्या (ड्रमरच्या समोरचा कडक आवाजाचा ड्रम) मध्यापासून दोन्ही ओव्हरहेड (किटच्या वर लावलेल्या) माइकचं अंतर मोजा, ते सारखंच पाहिजे. 34 सेंटीमीटरचा फरक म्हणजे साधारण 1 मिलिसेकंदाचा उशीर, आणि दोन्ही माइक एकत्र ऐकले की तेवढ्यानेही 500 हर्ट्झच्या आसपासचा आवाज खाल्ला जातो. आमचा स्नेअर पुठ्ठ्याचा डबा वाजवल्यासारखा येत होता आणि आम्ही तासभर प्लगइन (आवाजावर इफेक्ट लावणारी सॉफ्टवेअर) बदलत बसलो, शेवटी टेप लावली तर एक माइक चांगला वीतभर लांब निघाला!

लेव्हल लाल होईपर्यंत वाढवायची गरज नाही. 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये पीक (आवाजाची सगळ्यात वरची टोकं) उणे 12 ते उणे 10 डीबीच्या आसपास असले तरी भरपूर झालं, कारण टेक घेतानाच (एकदा वाजवून रेकॉर्ड करतानाच) क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला, आवाज नंतर नीट होत नाही.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) आधीच ठरवा आणि सगळ्यांना सांगा. आमच्या गिटारिस्टने घरून 44.1 किलोहर्ट्झची फाइल आणली, आमचं सेशन 48 वर, सॉफ्टवेअरने ती कन्व्हर्ट न करताच घेतली आणि त्याचा सोलो जवळपास दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर) वर चढून पळत सुटला. बिचारा दोन तास गिटार ट्यून करत होता.

गिटारमध्ये घूंऽऽ असा आवाज येतोय? लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, आवाज गेला तर गडबड अर्थिंगची आहे. मग सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, पण प्लगची अर्थिंगची पिन काढायचा उद्योग अजिबात करू नका, शॉक बसून जीव जाऊ शकतो. व्होकल उशिरा ऐकू येत असेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर (तो मोठा असला की आवाज उशिरा येतो) 128 सॅम्पलवर आणा किंवा डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज कंप्युटरमधून न फिरवता थेट हेडफोनवर) चालू करा. गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदला, त्याच दिवशी बदलल्या तर टेक संपेपर्यंत उतरतात. आणि पुण्यात असाल तर गणपतीच्या आधीचे आठवडे सोडूनच द्या, संध्याकाळी ढोल पथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की खिडकीला गादी लावूनही काही उपयोग होत नाही.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "मिक्समध्ये बघू" (म्हणजे सगळे आवाज नंतर एकत्र करताना नीट करू). मित्र असले की तिसऱ्या टेकनंतर कोणी कोणाला "परत वाजव" म्हणत नाही, वाईट वाटेल म्हणून. त्यामुळे टेक ओके की नाही हे सांगणारा एकच माणूस आधी ठरवा आणि त्याचं ऐका, आमच्याकडे ते काम बेसिस्टने केलं आणि तिथून खरी गाडी रुळावर आली. तसंच गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, कोणाचा किती टक्के वाटा, हे पहिल्या दिवशीच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्रीत हा विषय काढायला जड जातं, मान्य, पण नंतर काढणं त्याहून अवघड होतं.

रोज रात्री बॅकअप दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर, हे सांगायची गरज नसावी.

शेवटचं म्हणजे टेकच्या मधे रेकॉर्डिंग लगेच थांबवू नका. चौथ्या दिवशी चहा येईपर्यंत ड्रमर आणि गिटारिस्ट असंच काहीतरी वाजवत होते, रेकॉर्ड बटण चुकून चालू राहिलेलं, आणि तीच चाळीस सेकंद आज आमच्या अल्बमची सुरुवात आहे, मागे कप ठेवल्याचा आवाज आहे तो पण आम्ही काढला नाही.